गव्हातून गेलेली वाट

अल्फ्रिस्टन गाव देखणं आहे, पण रविवारी तिथे जाऊ नये. एवढासा मुख्य रस्ता आणि त्यात दोन्हीकडून अडकलेल्या गाड्या. आम्ही चहासुद्धा न घेता ककमिअर नदीवरचा पांढरा पूल ओलांडला आणि पलीकडच्या चढाला लागलो. तिथे मात्र पाच मिनिटांत सगळा गोंगाट मागे पडला.

मावशी फलटणहून आली होती. लंडनचा तिला लवकरच कंटाळा आला. "मला इथलं रान दाखव," म्हणाली. म्हणून ससेक्समधल्या साउथ डाउन्सची ही गोल वाट निवडली: अल्फ्रिस्टन, जेव्हिंग्टन, विल्मिंग्टन आणि परत. पंधराएक किलोमीटर.

विंडोव्हर टेकडीवरून खालच्या हिरव्या दरीकडे बघत मावशीनं विचारलं, "एवढी दरी, आणि ओढा कुठाय?" ओढा नाहीच. हे डोंगर खडूचे, पाऊस पडला की पाणी थेट आत मुरतं. हिमयुगात जमीन खोलवर गोठली होती. वितळलेल्या पाण्याला मुरायला जागाच नव्हती, तेव्हा ते वाहिलं आणि त्यानंच या दऱ्या कोरल्या. मावशीनं पायाखालची माती उकरली. वीतभर खाली पांढरं, आणि त्यात चकमकीचे काळे दगड. "यात पीक येतं?" तिला पटेना.

जेव्हिंग्टनमध्ये जेवलो. केळं आणि टॉफीची बनोफी पाय याच गावच्या एका हॉटेलात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मली, तशी पाटीही भिंतीवर आहे. मला ती फार गोड लागते.

विल्मिंग्टनजवळ डोंगराच्या उतारावर सुमारे सत्तर मीटर उंचीची पांढऱ्या रेघांची मनुष्याकृती आहे, दोन हातांत दोन काठ्या धरलेली. लोक ती प्रागैतिहासिक मानायचे, पण २००३ च्या संशोधनातून ती सोळाव्या-सतराव्या शतकातली असावी असं दिसलं. मावशीचं लक्ष मात्र तिकडे नव्हतंच. समोर गव्हाचं शेत होतं, पिवळ्या बाणाचा खांब होता, आणि उभ्या पिकातून सरळ पलीकडे गेलेली पायवाट.

ती बांधावरच थांबली. "दुसऱ्याच्या रानातनं कसं जायचं गं? कुणी बघितलं तर?"

मी सांगितलं की ही वाट सगळ्यांची आहे. शेतकऱ्यानं मशागत करून पेरलं, तरी चौदा दिवसांत त्यालाच ती पुन्हा मोकळी करून द्यावी लागते, निदान एक मीटर रुंद. हे सहज मिळालेलं नाही. १९३२ साली डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो लोक तिथे फिरण्याची बंदी मोडून चढले, त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९४९ च्या कायद्यानं पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले.

मावशी आत शिरली, पण साडी एका हातानं आवळून, एकाही ताटाला धक्का लागू न देता. मध्येच थांबून तिनं एक ओंबी न तोडता बोटांत धरली. "याला कुसळं नाहीत बघ." खरंच, भुंडी ओंबी, दाणे दाटीनं बसलेले. मग तिनं वाटेच्या दोन्ही कडा निरखल्या. "यानं कडेला एक दाणा जास्तीचा पेरला नाही," असं ती दोनदा म्हणाली. मला तिच्या आवाजात कौतुकापेक्षा दुःखच जास्त ऐकू आलं.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. मामाच्या रानाकडे जाणारी पाणंद शेजाऱ्यानं याच उन्हाळ्यात नांगरून आपल्या उसात घेतली. आपल्याकडेही १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. त्यातल्या कलम ५ खाली तहसीलदार अडवलेला रस्ता मोकळा करून देऊ शकतात. पण भावकीत वाकडं नको म्हणून मामा अर्जच करेना.

परतीची चढण, बस, ट्रेन, काहीच आता नीट आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत मावशीनं मामाला फोन लावला. "अर्ज लिहून ठेव. मी आले की दोघं मिळून तहसीलला जाऊ."