दिवाळीनंतर मालवण: सासू-सासरे, दोन पोरं आणि एक गाडी

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं हा विषय निघतो आणि मग रोज जेवताना नवीन गाव. यंदा मालवण फायनल झालंय. माणसं सहा, म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं, आणि आई-अण्णा (माझे सासू-सासरे). नवऱ्याचं म्हणणं नेहमीचंच, "पहाटे चारला निघू, दुपारी जेवायला मालवणात." पुणे ते मालवण पावणेचारशे-चारशे किलोमीटर आहे, एकटा माणूस किंवा चार मित्र असतील तर जातात लोक एका दमात, नाही असं नाही. पण आमच्या गाडीत गुडघे दुखणारी आई आहे, दर दीड-दोन तासांनी थांबावं लागणारे अण्णा आहेत आणि घाट लागला की पांढरी पडणारी धाकटी आहे. त्यामुळे मी सरळ सांगून टाकलं की बाबा रे, किती तास गाडी चालवायची हे तू नाही ठरवायचं, अण्णांनी ठरवायचं.

आणि खरं सांगू का, हे एकदा मान्य केलं की बाकीचं प्लॅनिंग आपोआप सुटत जातं. कुठला घाट, किती वाजता निघायचं, मधे मुक्काम करायचा का, हॉटेल कसलं बघायचं, सगळं त्यावरून ठरतं. लोक आधी युट्यूबवर "मालवणमधली बघण्यासारखी १५ ठिकाणं" बघतात आणि मग त्यात म्हाताऱ्या माणसांना कोंबतात, ते मला काही पटत नाही.

तर आमचं असं ठरलं की जाताना कोल्हापूरला एक मुक्काम. पुणे-कोल्हापूर साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, हायवे आहे, हॉटेलं आहेत, टॉयलेटं बऱ्यापैकी आहेत. फक्त साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम चाललंय बरीच वर्षं, त्यामुळे डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, धूळ हे सगळं धरून चालायचं आणि मॅप जो वेळ दाखवतो त्यात तास-दीड तास आपला आपण मिळवायचा. आईंना अंबाबाईचं दर्शन पाहिजेच होतं, ते त्यात होऊन जातं. एक लक्षात ठेवा, नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला तिथे किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं देवीपर्यंत येतात तो, तेव्हा संध्याकाळी देवळात प्रचंड गर्दी. दिवाळी त्याच्या आसपास आली तर रूम आत्ताच धरून ठेवा, नंतर मिळत नाहीत आणि मिळाल्या तर रेट ऐकून घरी बसावंसं वाटतं.

निघायचं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. आता हाच दिवस सगळं पुणं धरतं हे मला माहितीये, पण नणंद भाऊबीजेला येते त्यामुळे पर्याय नाही. मग निदान वेळ तरी शहाण्यासारखी धरायची. पाचला घर सोडलं तर नवले पूल, खेड शिवापूर, खंबाटकी हे तीन अडकायचे पॉइंट उजाडेपर्यंत मागे पडतात. सात-साडेसातला निघालात की खंबाटकीच्या चढाला ट्रकच्या मागे ट्रक, आणि जुना बोगदा साताऱ्याकडून पुण्याला येतानाचा हो, जाताना आजवर घाटच चढावा लागायचा.

टोलचं बोलायचं तर या रस्त्यावर खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके आहेत. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय, सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये होता, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यातलं जे आधी संपेल ते, खासगी गाड्यांसाठीच. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे कोल्हापूरला जाऊन-येऊन आठ गेल्या. ज्यांचं गाव त्या बाजूला आहे आणि महिन्याला फेरी होते त्यांनी घ्यावाच. पण तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला आणि समृद्धीला चालत नाही, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्यांनी पास आहे म्हणून फास्टॅगमध्ये शून्य बॅलन्स ठेवून निघू नये.

कोल्हापूरहून खाली उतरायला पर्याय दोन-तीन आहेत. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तिथून तळेरे, कणकवली. किंवा राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट, तोही कणकवलीलाच उतरतो. सावंतवाडी-वेंगुर्ला बाजूला जायचं असेल तर आंबोली. आम्ही करूळ धरलाय, गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर आहे, तिथे चहा आणि अण्णांचा स्टॉप. पण हा घाट मध्यंतरी रुंदीकरणासाठी बरेच महिने बंद होता आणि पावसाळ्यात दरड आली की पुन्हा बंद, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय निघायचं नाही. मॅपवर विश्वास नको. सगळ्यात खात्रीची माहिती ज्यांच्याकडे राहायला जाणार त्यांच्याकडे असते, त्यांची गिऱ्हाईकं रोज कुठून ना कुठून उतरत असतात. आणि घाट दिवसाच. गगनबावड्याला धुकं आलं की समोरचं बॉनेट दिसत नाही, तिथे रात्री कशाला जायचं पोराबाळांना घेऊन? उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, नुसती ब्रेकवर सोडायची नाही, आणि वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. नवऱ्याला हे माहितीये, पण मी दर वेळी सांगते आणि तो दर वेळी चिडतो.

धाकटीची उलटी हा स्वतंत्र विषय आहे. मागच्या महिन्यात ताम्हिणीत तिने जो कार्यक्रम केला त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे डोस लिहून घेतलाय. गोळी घाट सुरू व्हायच्या आधी द्यायची असते, मळमळायला लागल्यावर देऊन उपयोग नाही, तीच बाहेर येते. म्हणजे आमच्या हिशेबाने कोल्हापूरचं हॉटेल सोडतानाच. सीट मधल्या रांगेत, तिसऱ्या रांगेत अजिबात नाही, तिथे गाडी जास्त हेलकावते. मोबाइल बंद, समोर बघायचं, तोंडात आलेपाक. नाश्ता हलका, मिसळ नाही (कोल्हापुरात येऊन मिसळ नाही म्हटल्यावर मोठ्या मुलाने जो चेहरा केला! त्याला येताना देऊ). प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी पाहिजेत, आणि त्या आधी पाणी भरून तपासायच्या, भोक असलेली पिशवी काय करते ते मी इथे लिहीत नाही.

गाडीचं. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, निदान पंधरा दिवस आधी करा, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर शहरातच कळतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते बघा, नक्षी चांगली दिसते म्हणून म्हातारं टायर घाटात नेऊ नका. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, त्यात फुल लोडचा वेगळा दिलेला असतो, सहा माणसं आणि सामान म्हणजे आपण फुल लोडच. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो. स्टेपनीतही हवा भरायची, ती बिचारी कुणाला आठवत नाही. पीयूसी, इन्शुरन्स डिजिलॉकरमध्ये चालतं, पण घाटात रेंज नसते तेव्हा डाउनलोड करून ठेवा, मॅपही ऑफलाइन घेऊन ठेवा.

आता राहायचं. मी आठवडाभर फोनच करत होते. ॲपवर फोटो बघून बुकिंग करणाऱ्यांतली मी नाही, मला त्या घरच्या काकूंशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. माझे प्रश्न ठरलेले असतात. रूम तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का (मालवणातल्या गल्ल्या बघितल्यात ना?), लाइट गेले तर इन्व्हर्टर आहे का. समुद्र दिसतो का हे मी सगळ्यात शेवटी विचारते. तारकर्लीला एका ठिकाणी "सी व्ह्यू आहे मॅडम, पहिल्या मजल्यावर" म्हणाले, बाहेरून लोखंडी जिना. आई तो जिना एकदा चढल्या असत्या आणि मग निघायच्या दिवशीच उतरल्या असत्या. शेवटी देवबाग रस्त्याला एक घरगुती सोय मिळाली, माडाच्या बागेत, चार खोल्या, ओटा आणि ओट्यावर झोपाळा. काकू फोनवर म्हणाल्या, "मासे काय मिळतील ते सकाळी बघू, पण किती माणसं खाणारी ते आदल्या रात्री सांगा." मी लगेच कालनिर्णय उघडलं. कारण अण्णांचा गुरुवार, आईंचा सोमवार आणि शनिवार, म्हणजे सगळे मिळून मासे खाणार असे दिवस मोजकेच राहतात, आणि मालवणात जाऊन सुरमई समोर असताना घरातलं अर्धं माणूस वरण-भात खातंय यात काही मजा नाही. पोचायचा दिवस त्यामुळे शुक्रवार आला.

कालनिर्णय अजून एका कामाला येतं, भरती-ओहोटी. देवबागच्या संगमाजवळ तो वाळूचा पट्टा आहे ना, ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तास मागे म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, नक्की वेळ होडीवाल्याला विचारा, पण प्लॅन करायला एवढं पुरतं. भाऊबीजेनंतरचे दिवस म्हणजे अमावस्या नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस, ओहोटीला पाणी लांबपर्यंत मागे जातं. म्हणजे सकाळी बेट, दुपारी झोप, आणि भरतीच्या वेळी मुलांना पाण्यात सोडायचं नाही हेही त्यातच ठरलं.

सिंधुदुर्ग किल्ल्याला जेटीवरून होडीने जायचं, सकाळी पहिल्या होड्यांना, दहानंतर दिवाळीच्या सुट्टीत रांग बघवत नाही. महाराजांनी १६६४ ला बांधकाम सुरू केलं, १६६७ ला पूर्ण. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, मोठ्याला त्याच बघायच्यात. आई येणार नाहीत, होडीत चढ-उतर त्यांना जमत नाही, आणि त्यासाठी कुणी त्यांना आग्रह करायचा नाही असं मी घरात आधीच सांगून ठेवलंय. त्या ओट्यावर झोपाळ्यावर बसतील, काकूंशी गप्पा मारतील, त्यांची ट्रिप तीच आहे.

खाण्याचं यंदा सोपं, फराळ असतोच. चकली, चिवडा, शंकरपाळे गाडीत चालतात, बेसनाचा लाडू मागच्या सीटवर द्यायचा नाही, त्याचा चुरा सीटबेल्टच्या बकलात जातो आणि मग बक्कल लागत नाही, टोकाच्या सुईने बसून काढलाय मी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र वेगळी, आईंच्या आणि अण्णांच्या गोळ्या जेवणानंतरच्या असतात आणि हॉटेलात ऑर्डर कधी येईल सांगता येत नाही. गोळ्या माझ्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नाही. थोडी रोख पण घ्या, देवबागला रेंज गेली की यूपीआय फिरत बसतं आणि होडीवाला आपल्याकडे बघत बसतो.

येताना मुक्काम नाही, पण मग मंगळवारी पहाटे निघायचं, रविवारी नाही. रविवारी संध्याकाळी अख्खा हायवे पुण्याकडे तोंड करून उभा असतो. नवऱ्याने मंगळवार आणि बुधवार दोन्ही रजा टाकल्यात. बुधवारी ऑफिस असतं तर तो दर वेळेसारखा "मधे थांबायला नको" करत सुटला असता, आता थांबेल. मिसळही मिळेल मोठ्याला. बुधवारी मशीनला कपडे लावायचे, गाडी धुवायला द्यायची आणि नणंदेला सोलकढीची कोकमं पोचवायची, तिने यादी आत्ताच पाठवलीये.