जरा वर उचलून

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं, मागून वारा आला आणि खाड्कन लॅच लागलं. दुपारचे तीन. अंगात गाऊन, हातात डबा, किल्ली आत टेबलावर. आणि हेही आतच, कानातलं मशीन काढून गाढ झोपलेले.

बेल वाजवली. दहादा वाजवली. वय झालं की आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमची बेल चिवचिवणारी. माझा आवाजही त्याच पट्टीतला, असं ह्यांचं म्हणणं. म्हणजे गेली काही वर्षं मी जे बोलले ते कुठे जमा झालं, कोण जाणे.

शेवटी दोन जिने उतरून मैत्रिणीकडे गेले. आमची जादा किल्ली तिच्याकडे असते, तिची आमच्याकडे. तिने गाऊनकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, एक शब्द न विचारता किल्ली आणली आणि चपला घातल्या. ‘‘चल. तुला नाही जमायचं.’’

खरंच नाही जमत. तिच्याकडची किल्ली ही नकलेची नक्कल. निवृत्तीनंतर ह्यांनी एकदा जुनं लॅच खोलून वर्तमानपत्रावर मांडलं होतं. पाच इवल्या पिनांच्या जोड्या, पाच स्प्रिंगा. किल्लीचे दात बरोबर असले की पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि आतली नळी फिरते. येल नावाच्या अमेरिकन माणसाचं १८६१ सालचं पेटंट, असं व्याख्यानही झालं. (एक स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही. नवीन लॅच आणावं लागलं.) नकलेवरून नक्कल काढली की दात केसभर चुकतात, किल्ली आत जाते, फिरत नाही. मैत्रीण ती अर्धा सूत बाहेर ओढते, जरा वर उचलते, दाराला खांदा लावते. उघडतं.

लहानपणी आमची किल्ली दाराच्या चौकटीवर असायची. माझा हात पुरायचा नाही. शाळेतून आले की पायरीवर बसून राहायचे. मग शेजारची मोठी मुलगी यायची. तिने नुसतं चाचपलं असतं तरी किल्ली मिळाली असती, पण ती मला कमरेला धरून उचलायची आणि किल्ली मीच काढायची. बोटांना धूळ लागायची ती फ्रॉकला पुसायची. तिचं पुढे काय झालं, माहीत नाही.

आत गेलो तर हे उठून बसलेले. ‘‘कोणी आलं होतं का?’’

आमच्या दारामागे सहा किल्ल्या टांगलेल्या आहेत. पाच जणांची नावं आम्हाला पाठ आहेत. सहावीला हिरवा दोरा आहे, पण ती कोणाची ते दोघांनाही आठवत नाही. मैत्रिणीला दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

‘‘माझ्याकडेही अशी एक आहे,’’ म्हणाली आणि परत खुंटीला लावली.