अँगस्टन: चांदण्यात लावलेला द्राक्षमळा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा या द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यात लोक वाईन चाखायला जातात. आम्ही गेलो ते एका घराण्याचा माग काढत. सॅम्युएल स्मिथ हा इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा, बिअर बनवण्याच्या धंद्यातला माणूस. १८४७ साली बायकामुलांना घेऊन तो दक्षिण ऑस्ट्रेलियात आला आणि १८४९ मध्ये बरोसातल्या अँगस्टन गावाजवळ त्याने ३० एकर जमीन घेतली. दिवसा जॉर्ज फाइफ अँगस या बड्या जमीनदाराकडे राबायचं आणि रात्री चांदण्यात स्वतःच्या वेली लावायच्या, असा त्याचा क्रम होता. १८५२ मध्ये तो व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींकडे गेला, ३०० पौंडांचं सोनं घेऊन परतला आणि त्यातून आणखी ८० एकर, नांगर आणि दोन घोडे घेतले. या मळ्यातून उभी राहिलेली यालुंबा वायनरी, म्हणजे वाईन बनवण्याचा कारखाना, आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

माझं ऐकाल तर थेट बरोसा गाठू नका. आधी ॲडलेडच्या नॉर्थ टेरेसवरच्या स्टेट लायब्ररीत बसा. प्रवेश फुकट आहे आणि जहाजांच्या प्रवासी-याद्या तिथे पाहता येतात. जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह' या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्याही वाचता येतात. हे वाचून गेलात की शेतातला प्रत्येक बांध बोलू लागतो. शेजारचं मायग्रेशन म्युझियमही चुकवू नका. ही जमीन रिकामी नव्हती. पेरामंक, न्गाजुरी आणि कौर्ना या इथल्या मूळ रहिवाशांची होती. हे विसरून स्मिथच्या कष्टांचं कौतुक करणं मला पटत नाही.

ॲडलेडहून अँगस्टन गाडीने साधारण सव्वा तास. शनिवारी सकाळीच पोचा, शेतकरी बाजार भरलेला असतो. आम्ही पाव, चीज आणि जर्दाळूचा जॅम घेतला आणि दुपारचं जेवण त्यातच भागलं. यालुंबाची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत १९०८ ची, इथल्याच निळसर संगमरवराची. ऊन तापलेलं असतानाही भिंतीला हात लावला तर गार लागते. तिथून मेंगलर हिलवर चढा. खालचं खोरं एका नजरेत दिसतं.

चाखायचं असेल तर गाडी चालवणारा आधीच ठरवा, दारू तपासायला पोलीस रस्त्यात यंत्रात फुंकायला लावतात. आणि न विचारता द्राक्षांच्या ओळींत शिरू नका. एकोणिसाव्या शतकात युरोपातले मळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही वेलींच्या मुळांना लागणारी कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात अजून आलेली नाही, म्हणून शंभरी ओलांडलेल्या वेली इथे दुसऱ्या मुळांवर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. ही कीड बुटांच्या मातीतूनही येऊ शकते. दुसऱ्या मळ्यांत फिरून आला असाल तर बूट आधी स्वच्छ करा.