चतुःसीमेत सापडलेलं घर

माझ्या चुलतभावाची नात इस्रायलमध्ये दिमोनाला राहते. तिकडे सातवीच्या मुलांना आपल्या घराण्याची मुळं शोधून शाळेसाठी एक वही करायची असते. दोन वर्षांपूर्वी तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजी, आपण आवासकर ना? मग आवासला आपलं घर कुठं होतं?" तिचं मराठी तुटक आहे, पण प्रश्न नेमका होता. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माझा सगळा जन्म ठाण्यात गेला. गेटवेवरून लाँचनं तासाभरात मांडवा, तिथून रिक्षानं थोडं पुढे आवास. किहीमला जाताना त्या फाट्यावरून कितीदा गेले असेन, पण उतरून कधी कुणाला विचारलं नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमची आडनावं म्हणजे रायगडच्या किनाऱ्याचा नकाशाच. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. आडनावानं गाव सांगितलं, पण गावातलं घर सांगितलं नाही. १९४८ नंतर माणसं इस्रायलला जात राहिली आणि घरं, वाड्या, घाणे दुसऱ्यांकडे गेले. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं तर बहुतेक कबरीत, आणि जे आहेत ते चार हजार किलोमीटरवर.

सुरुवात आईच्या ट्रंकेपासून केली. तिथं आजोबांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, निघाला. मजकूर हिब्रू-अरामी, नावं स्पष्ट, पण ठिकाण मुंबई. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, जुन्या वह्यांतही तेच. आजोबा मुंबईत जन्मले, मुंबईत वाढले. त्यांचे वडील दाऊद आवासहून आले आणि गोदीत कामाला लागले, एवढं घरात ऐकलेलं. दाऊदच्या वडिलांचं नाव मोशे. मोशेच्या मागे काहीच नाही.

मग सरकारी कागद. ज्यांना असं काही शोधायचंय त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर सांगते. सातबारा आणि फेरफार तुलनेनं अलीकडचे. त्याहून मागे जायचं तर गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गाव नमुना नंबर १४ असं तिचं कागदोपत्री नाव. साध्या कागदावर अर्ज करायचा: गाव, तालुका, अंदाजे वर्षं, कुणाची नोंद हवी आणि तुमचं त्यांच्याशी नातं. अर्जाची पोच घ्यायचीच. पहिल्यांदा मी पोच न घेता आले आणि एका कचेरीत माझा अर्जच सापडेना. तीन फेऱ्या फुकट गेल्या. चौथ्या वेळी एका कारकून मुलीनं बस्ता काढून दिला. पानं ठिसूळ, कडा खाल्लेल्या. आणि सगळं मोडी लिपीत.

मला मोडी येत नव्हती. कचेरीबाहेर वाचून देणारे मिळतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी जाणणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, हे मला तिथंच कळलं. एका गृहस्थांनी माझ्या वह्यांना दोन महिन्यांनंतरची वेळ दिली. तेव्हा ठरवलं, आपणच शिकू. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात. तशाच एका वर्गात जाऊन बसले. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा बाराखडी गिरवताना हात दुखला, पण मन लागलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं एकात एक गुंफत जातात. ह्रस्व-दीर्घ पाहायचं नाही, शब्द कुठं तुटतो ते संदर्भानं ओळखायचं. छापील नमुना महिन्याभरात वाचता येतो. खरा कागद वाचायला सहा महिने गेले, कारण प्रत्येक लिहिणाऱ्याचं वळण वेगळं. माझा सल्ला असा, की आधी एकाच माणसाच्या हातचे कागद वाचत राहावं. त्याचा हात ओळखीचा झाला की अर्धं काम होतं.

सहा महिन्यांनी ती वही पुन्हा काढून घेतली. आवासची एकोणिसाव्या शतकातली पानं एकेक करून वाचली. मोशे नाही. मोझेस नाही. जातीच्या रकान्यात इस्राएल असंही कुठं नाही. आगरी, कोळी, माळी, भंडारी, तेली, ब्राह्मण, सगळं गाव समोरून गेलं, आमचं माणूस सोडून. त्या दिवशी अलिबागच्या इस्राएल आळीत मी फार खिन्न होऊन चालत होते. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं. शेजारच्या ओट्यावर आमच्या समाजातले एक काका बसले होते, वय नव्वदीच्या घरात. बसवून घेतलं, चहा दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अगं, मोशे घरातला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोतवालाला मोशे कोण सांगणार? मुसाजी बघ. आणि इस्राएल काय शोधतेस? तेली बघ."

मला ते ठाऊक असायला हवं होतं. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जायचे. सॅम्युएलचे सामाजी, इझिकेलचे हसाजी. गावात राहायचं तर गावासारखं नाव हवं. आणि धंदा तेल गाळायचा. आमचे लोक शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. शेजारच्या हिंदू तेल्यांचा घाणा दुसऱ्या दिवशी बंद असायचा. बाहेरून दिसणारा फरक एवढाच. बाकी साडी तीच, भाषा तीच, नारळाचं वाटण तेच. फक्त खवले आणि पर नसलेली मासळी चुलीवर चढत नसे आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. आमच्याकडे सांगतात की दाऊद रहाबी नावाचा ज्यू इथं आला तेव्हा त्यानं बायकांना निरनिराळी मासळी रांधायला दिली. त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली आणि त्यावरून त्यानं आपली माणसं ओळखली. मग तिघांना धर्मविधी शिकवले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती तीन घराणी. तिथंही गावंच.

तर मी परत मुसाजी शोधायला बसले. एक सापडला. जन्माची नोंद, मुलगा, बापाचं नाव मुसाजी, जात तेली. मुलाच्या नावाच्या जागी कागद फाटलेला, फक्त पहिलं अक्षर शिल्लक: दा. मी ते पान कितीतरी वेळ धरून बसले. पण एका अक्षरावर वंशावळ उभी करणं मला पटेना. मुसाजी तेली म्हणजे आमचाच, असं पोरीच्या वहीत लिहायचं तर दुसरा पुरावा हवा होता.

म्हणून एका रविवारी आवासला गेले. नागेश्वराच्या देवळाजवळ चौकशी सुरू केली. तरुणांना काही सांगता येईना, पण एका वयस्कर बाईंनी लगेच विचारलं, "शनवारवाल्यांची काय?" त्यांच्या सासूच्या तोंडी तो शब्द असायचा. त्या मला पुतण्याच्या घरी घेऊन गेल्या. परसात नारळाच्या बुंध्यापाशी एक मोठं दगडी उखळ उपडं पडलेलं होतं, त्यावर आता कपडे धुतात. घाण्याचंच, असं सगळेच म्हणाले. पण दगडावर नाव नसतं. तेव्हा त्या घरातल्या काकांनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेलं एक दप्तर काढलं. पणजोबांच्या वेळची खरेदीखतं. वाचता कुणालाच येत नव्हती, तरी चार पिढ्या जपून ठेवलेली. "ताई, तुम्हाला येतं ना, बघा तरी," असं म्हणून त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

तिसरा कागद शके १७९३ चा होता, म्हणजे इसवी सन १८७१-७२. जागा त्यांची, विक्री त्यांची, माझ्याशी काही संबंध नाही. पण खरेदीखतात जागेची चतुःसीमा लिहावीच लागते. पूर्वेस वहाळ. पश्चिमेस गावरस्ता. उत्तरेस विकणाऱ्याच्याच भावाची वाडी. आणि दक्षिणेस: मुसाजी शनवार तेली याचे घर व घाणा.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. घरातली सगळी माणसं उठून दाराशी गेली आणि दक्षिणेकडे बघायला लागली. तिथं आता चिकूची बाग आहे.

माझ्या घरच्यांनी स्वतःबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही. ते राहत होते हे शेजाऱ्याच्या कागदानं सांगितलं, तेही फक्त आपली हद्द कुठं संपते हे सांगण्यासाठी. जुन्या घराण्यांचा शोध घेताना लोक आपलीच दप्तरं उलटीपालटी करतात. मी आता भेटेल त्याला सांगते, आधी शेजाऱ्याचं दप्तर बघा. जमीन विकताना माणूस आपल्या चारी बाजूंच्या लोकांची नावं लिहून जातो.

त्या दिवशी परत फिरताना नवगावला थांबले. आवासहून किहीम ओलांडलं की नवगाव. आमच्या समाजाची कहाणी तिथं सुरू होते. इथल्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांच्या मदतीनं इथंच पुरली. दफनभूमीत आज स्मारकाचा स्तंभ आहे आणि भोवती जुन्या कबरी, कित्येक नुसत्या ओबडधोबड दगडांच्या. जहाज केव्हा आलं? हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाइतका मागे नेला. इतरांनी बरंच अलीकडे आणलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आमच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा दिसला. मला त्यात काही धक्का वाटला नाही. सात जोडप्यांना इथल्या मातीनं सामावून घेतलं, त्याशिवाय का वाढलो? एक गोष्ट मात्र मनात घोळत राहते. चित्पावनांच्या कथेतही समुद्रातून वाहून आलेले चौदाच जण आहेत, ज्यांना परशुरामानं जिवंत केलं. दोन समाज, एकच किनारा, आणि दोघांची सुरुवात चौदा जणांपासून. कुणी कुणाकडून घेतली हे शोधण्यापेक्षा मला असं वाटतं, की कोकणात आलेल्या माणसाला आपलं येणं समुद्राच्याच भाषेत सांगता आलं.

स्तंभापाशी उभी राहून मी शमा म्हटला. सगळं विसरलं तेव्हाही आमच्या लोकांनी एवढी प्रार्थना तोंडी जपली, असं सांगतात. मग दिमोनाला फोन लावला. तिथं संध्याकाळ व्हायची होती. पोरीला कबरी दाखवल्या, समुद्र दाखवला आणि खरेदीखताच्या फोटोतली ओळ वाचून दाखवली. तिनं "घाणा म्हणजे काय?" असं विचारलं. सांगितलं. मग तिच्या पणजीनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, फोन हातात घेतला. तिचं वय ब्याण्णव. ती म्हणाली, "वहाळाच्या अलीकडे ना? सासूबाई सांगायच्या, पावसात वहाळ चढला की घाण्यात पाणी शिरायचं." इतकी वर्षं ती हे मनात ठेवून होती आणि आम्ही कुणी तिला विचारलं नव्हतं. पूर्वेचा वहाळ कागदातही होता.

पोरीची वही पूर्ण झाली. पहिल्या पानावर तिनं चौकोन काढून चार बाजूंना चार सीमा लिहिल्या आहेत, दक्षिणेची बाजू निळ्या रंगात. तिच्या बाईंनी वर्गात ती वाचून घेतली. पुढल्या तू बिश्वातला, म्हणजे आमच्या झाडांच्या सणाला, कुणी इकडे आलं तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर, म्हणजे प्रेषित एलियाची खूण मानतात त्या खडकावर, मलिद्याचा नैवेद्य करू, असं ठरलंय. पोहे, गूळ, ओलं खोबरं मी नेईन, आणि आवासच्या काकांनाही बोलावणार आहे.

त्यांचं दप्तर सध्या माझ्याकडेच आहे. एकूण सतरा कागद, त्यातले नऊ वाचून झाले. बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात ठेवते. उरलेल्यांत एक पाणी लागून चिकटलेला आहे, तो सोडवायला पुराभिलेखातल्या बाईंना विचारलंय. काकांना त्यात त्यांच्या पणजीच्या माहेरचं गाव मिळतंय का ते बघायचंय.