गोल्फ क्लबवर, खाऊच्या टेबलामागे

इटिंग डिसऑर्डरच्या, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजारांच्या जनजागृतीच्या वॉकला स्वयंसेवक म्हणून नाशिकला जातेय म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला, "म्हणजे डाएटचं काही आहे का?" मैदानावरही सकाळभर हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. त्याला न चिडता उत्तर देणं हेच तिथलं निम्मं काम आहे.

आदल्या संध्याकाळीच पोचा. पुण्याहून एसटीला पाच तास तरी धरा आणि ठक्कर बाजारला जाणारीच गाडी बघून घ्या. तिथून मैदान चालत गाठता येतं. पत्रिकेवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असलं तरी रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगा. गाडी घेऊन येणाऱ्यांनी हाताशी जास्त वेळ ठेवावा, २०२७च्या सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी वळवलेला असेल सांगता येत नाही. फेब्रुवारीअखेर दुपारी ऊन चटका देतं, पण पहाटे स्वेटर लागतोच.

चालणं फार नव्हतं. त्र्यंबक रोडने मायको सर्कलपर्यंत जाऊन परत. टायमिंग नाही, मेडल नाही, किती कॅलरी जळल्या याचा बोर्ड तर नाहीच. मैदानात रोज फिरायला येणारे एक काका आमच्यात सामील झाले आणि विचारते झाले, "यानं महिन्यात वजन किती उतरतं?" सोबतच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीने त्यांना चालता चालता सांगितलं, की हा वॉक वजनासाठी नाही, ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार, हा सर्वाधिक मृत्युदर असलेल्या मानसिक आजारांपैकी एक आहे, आणि रुग्ण हाडकुळाच दिसेल असंही नाही. काका शेवटपर्यंत चालले. "आम्ही सोमवार, चतुर्थी, एकादशी धरतो, मग आम्हीही पेशंट का?" असंही त्यांनी विचारून घेतलं. रास्त प्रश्न. महाशिवरात्र तोंडावर असताना तो येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा: उपवास सोडताना ताटाची भीती वाटत नाही, आजारात वाटते. पण उपवासाच्या आडोशाने जेवण टाळणं घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो, हेही सांगा.

माझी ड्युटी खाऊच्या टेबलावर होती. केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चहा. सगळ्यांना सोपी वाटणारी आणि प्रत्यक्षात सगळ्यात अवघड जागा. आदल्या रात्री आम्हाला बजावलं होतं, की "एवढं चाललात, आता दोन लाडू हक्काने खा" असं म्हणायचं नाही. बोलणं प्रेमाचंच, पण खाणं आधी कमवावं लागतं असा त्याचा अर्थ निघतो, आणि आजार नेमकं तेच कानात सांगत असतो. "किती बारीक झालीस गं" आणि "आता छान भरलीस" ही दोन्ही वाक्यं बंद. एका मुलीने लाडू उचलला, कागदात गुंडाळला, पुन्हा उघडला, बराच वेळ नुसता हातात धरला. आपण कप पुसत राहायचं, तिच्याकडे बघायचं नाही. आपल्या आग्रही मराठी हाताला हे फार जड जातं.

माहितीच्या टेबलावर आईवडिलांची गर्दी होती. एका वडिलांनी हळूच विचारलं, मुलगा रात्री लपून भराभर खातो, मग दोन दिवस कुणाशी बोलत नाही, याला काय म्हणायचं? डॉक्टरांनी त्यांना बाजूला बसवून घेतलं. असं ताबा सुटून वारंवार खाणं बिंज इटिंग असू शकतं. त्याला २०१३ मध्ये डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेने, स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली. मुलग्यांनाही होतं, हे बऱ्याच घरांत अजून कुणी सांगितलेलं नाही. कुणी खाल्लेलं बाहेर काढायला वारंवार उलट्या करत असेल तर रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून समुपदेशनाबरोबर रक्ततपासणी आणि ईसीजीही लागतो. स्वयंसेवकाने निदान करू नये. डॉक्टरांकडे न्यावं किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यावा. चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलतात.

फोटोंचं मात्र आधीच ठरवा. आलेल्यांपैकी काहींच्या घरी आजाराचा पत्ता नसतो, त्यामुळे ग्रुप फोटो स्टेटसला टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा. आमच्याकडे फोटो नको असलेल्यांना हिरवी फीत दिली होती, ती युक्ती उचलण्यासारखी.

आवरल्यावर मिसळीचा बेत निघालाच, नाशिकमध्ये तो टळत नाही. कुणी नुसता चहा घेतला, कुणी तिकडे फिरकलंच नाही, आणि "का गं?" असं कुणी विचारलं नाही. परतीची गाडी दुपारनंतरची ठेवा. मंडप उतरवून खुर्च्या मोजून द्यायला नेहमीच माणसं कमी पडतात.