साहेबाच्या अँबॅसिडरमधला रेडिओ

जुन्या रेडिओतल्या कपॅसिटरची (चार्ज साठवणारा सुटा भाग) पुठ्ठ्याची नळी घ्यायची. हेअर ड्रायरने ती गरम करायची, म्हणजे टोकांचं मेण सुटतं. आतला साठ-पासष्ट वर्षांचा माल चिमट्याने ओढून काढायचा, पोकळ झालेल्या नळीत नखाएवढा नवा कपॅसिटर सरकवायचा, दोन्ही टोकांना पुन्हा मेण ओतायचं आणि जुना छाप वरच्या अंगाला येईल अशा बेताने ती परत जागेवर सोल्डर करायची. मग त्यावर पत्र्याचं झाकण बसणार. ते स्क्रूंनी आवळलं जाणार. तो डबा डॅशबोर्डच्या मागे अशा ठिकाणी जाणार, की पुढची वीस वर्षं त्यात कोणी डोकावणार नाही. आणि हे सगळं कशासाठी? तर आतून बघितलं तरी रेडिओ 1950च्या दशकातला दिसला पाहिजे!

"पण बघणार कोण?" मी विचारलं.

"मला माहीत असेल ना," आमचे शेजारी म्हणाले.

यांना मी घरात 'साहेब' म्हणते. सत्तरी ओलांडलेले, रिटायर्ड, बोलायला एकदम साधे. पण गॅरेजचं दार उघडलं की माणूस बदलतो. आत उभी आहे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. इथे ऑक्सफर्डजवळ राहायला आल्यावर मी ती पहिल्यांदा पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "अय्या, अँबॅसिडर!" साहेबांनी शांतपणे दुरुस्ती केली, "मॉरिस." तेव्हापासून आमच्यात हा वाद आहे. ही गाडी इथल्याच काउलीच्या कारखान्यात 1956 ते 1959 एवढीच बनली. आपण तिचे साचे उचलले आणि कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्यात 2014 पर्यंत गाडी काढत राहिलो. मग नाव कोणाचं चालायचं? तीन वर्षं सांभाळणाऱ्याचं की पन्नासच्या वर वर्षं सांभाळणाऱ्याचं? साहेब यावर फक्त चहाचा कप पुढे करतात.

तर, या गाडीचा मूळ रेडिओ आधीच्या मालकाने सत्तरच्या दशकात काढून कॅसेट प्लेअर बसवला होता. नशीब, रेडिओ फेकला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आणि गाडीबरोबर साहेबांना दिला. रेडिओमोबाइल कंपनीचा. एचएमव्ही, म्हणजे आपली ती कुत्र्याच्या चित्रवाली, आणि गाड्यांची घड्याळं-मीटर बनवणारी स्मिथ्स, या दोघांनी मिळून ही कंपनी काढली होती. तो रेडिओ परत जागेवर बसवायचा आणि वाजवायचा होता. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली असल्याचं साहेबांना कळलं आणि मला बोलावणं आलं. खरं सांगायचं तर आम्हाला व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, हा धडा सरांनी 'वाचून घ्या' म्हणून सोडून दिला होता, पण ते इथे सांगायची गरज नव्हती.

नवरा म्हणाला, "ब्लूटूथवाला बसवा म्हणावं, तासाभरात काम होईल." हौशी मंडळींत तसं करणारेही आहेत. बाहेरचा चेहरा जुना ठेवायचा आणि पोटात एफएमचं नवं सर्किट भरायचं. साहेबांसमोर मी हा विषय काढला, तर त्यांनी असा चेहरा केला की मी पुन्हा काढला नाही.

त्यात ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटिश गाड्यांत सर्रास उलटं असायचं, पॉझिटिव्ह बॉडीला. आजचा रेडिओ आणून नेहमीसारखा जोडला आणि त्याचा पत्रा डॅशबोर्डला टेकला, की शॉर्ट. फ्यूजने वाचवलं तर वाचवलं. आमच्या रेडिओला मात्र ही उलटी बॉडीच मानवते, त्यामुळे त्याला परत बसवण्यात एक तर्कही होता. साहेबांना तर्काची गरज नव्हती, मला होती.

आत काय चालतं ते एकदा बघण्यासारखं आहे. बॅटरी बारा व्होल्टची, पण व्हॉल्व्हना दोनशेच्या वर व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर लावावा तर त्याला डीसी, म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेचा करंट, चालत नाही. म्हणून व्हायब्रेटर नावाचं एक ॲल्युमिनियमचं डबडं असतं. त्यात पोलादी पट्टी सेकंदाला शंभरएक वेळा थरथरते आणि करंट तोडते-जोडते. त्या तोडलेल्या करंटवर ट्रान्सफॉर्मर चालतो आणि मग तो व्होल्टेज पुन्हा डीसी करून व्हॉल्व्हना देतात. बटण दाबलं की आधी डॅशबोर्डमागून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते, मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही नाही, आणि मग आवाज हळूहळू वर येतो.

या ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला एक बफर कपॅसिटर असतो. जुना रेडिओ हातात आला की वाजवून बघण्याआधी हा बदलायचा, कारण तो शॉर्ट झाला तर व्हायब्रेटर जातो आणि कधी ट्रान्सफॉर्मरही. तसंच स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा सेट चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो. आणि बारा व्होल्टची बॅटरी म्हणून बिनधास्त हात घालायचा नाही. बंद केल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून बसतात.

कागदी कपॅसिटर सगळेच गळके निघाले, म्हणजे करंट गळू देणारे. मी म्हटलं, नवे लावू, दहा मिनिटांचं काम. इथून ते नळ्या-मेण प्रकरण सुरू झालं. साहेब प्रत्येक नळी कापसाने पुसत, छाप पुसला जाऊ नये म्हणून श्वास धरत. मी मनातल्या मनात चरफडत होते. आपल्याकडे एवढ्यात गाडी दुरुस्त होऊन गिऱ्हाईक घरी जाऊन जेवलं असतं. हे लोक वस्तू वापरतात कधी, पूजाच करतात, असंही मनात आलं. बाबांच्या ऑफिसच्या अँबॅसिडरला मूळचं म्हणून काय राहिलं होतं? डिझेल इंजिन दुसऱ्याच गाडीचं, सीटवर कव्हर, कव्हरवर टॉवेल, आणि डॅशबोर्डला भोक पाडून बसवलेला टेप. पण ती रोज सकाळी निघायची. साहेबांची गाडी महिन्यातून दोन रविवारी निघते, तेही पाऊस नसेल तर. रोज राबणाऱ्या गाडीत मूळ कपॅसिटर शोधणाऱ्याला आमचा ड्रायव्हर हसला असता. आपण वस्तू जपत नाही असं आपलेच लोक इथे येऊन म्हणतात, तेव्हा मला राग येतो तो याचसाठी. जपायला वस्तू रिकामी असावी लागते.

तरीही, पहिली नळी बंद करून साहेबांनी माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती नवी आहे हे मलाच ओळखू येईना. छाप तोच, तांबूस पडलेलं मेण तेच. मीटर लावून बघितला तेव्हा खात्री पटली. दुसरी नळी मी स्वतः भरायला मागितली, हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.

वायरिंगलाही हाच नियम. मी नेहमीचे वायरीच्या टोकाला बसवायचे प्लास्टिकचे निळे-लाल लग आणि दाबायची पकड घेऊन गेले होते. साहेबांनी ते बाजूला ठेवले. या गाड्यांत वायरीच्या टोकाला पितळी बुलेट, म्हणजे गोळीच्या आकाराची टोकं, असतात, आणि दोन बुलेट रबराच्या बाहीत समोरासमोर घुसवायचे. प्रत्येक बुलेट सोल्डर करायचा. रंगांचेही ठरलेले अर्थ: तपकिरी थेट बॅटरीची, जांभळी फ्यूजमधून येणारी पण कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींमागची, काळी अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जाणारी. रेडिओची वायर फ्यूजबॉक्सवरच्या हिरव्यांच्या टर्मिनलवर, ए-फोरवर घेतली. रेडिओ चालू राहिला आणि चावी काढली तरी बॅटरी उतरू नये म्हणून. व्हॉल्व्हचा सेट तीन-चार अँपिअर सहज खातो आणि त्या काळचा डायनॅमो गाडी नुसती उभी घुरघुरत असताना जवळजवळ काहीच भरत नाही. रेडिओच्या वायरीत वेगळा फ्यूज घालायला साहेबांनी कुरकुर न करता होकार दिला, कारण तसा फ्यूज तेव्हाही असायचा. अर्थसाठी डॅशबोर्डमागचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला. ही गोष्ट दोन्ही देशांत सारखीच, निम्म्या तक्रारी रंगावर आवळलेल्या अर्थच्या असतात.

रेडिओ वाजला! आणि इंजिन चालू केल्याबरोबर त्यात दोन वेगळे आवाज घुसले. एक टकटकणारी खरखर, इंजिनाच्या तालावर. ती इग्निशनची. दुसरी शिट्टी, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी. ती डायनॅमोची. पहिल्यासाठी इग्निशन कॉइलला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, पण एसडब्ल्यू लिहिलेल्या, म्हणजे चावीकडच्या टोकाला. सीबीच्या, म्हणजे काँटॅक्ट ब्रेकरकडच्या टोकाला लावला तर प्लगची ठिणगीच मंद होते. दुसऱ्यासाठी डायनॅमोच्या जाड वायरीच्या टर्मिनलला, फील्डच्या नाही. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची पट्टी टाकली. शेवटी एरियलचा ट्रिमर, म्हणजे रेडिओ एरियलशी जुळवायचा स्क्रू: डायलच्या वरच्या टोकाकडे, दोनशे मीटरच्या आसपास एखादं अशक्त केंद्र पकडायचं आणि स्क्रू फिरवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे सोडायचा.

शिट्टी गेली, टकटक गेली. एक वेगळीच, सलग खरखर मात्र राहिली. इंजिन बंद केलं तरी राहिली. पुन्हा एकेक जोड तपासला, काही सापडेना. मग साहेब गाडी घेऊन गावाबाहेरच्या शेतांकडे निघाले, आणि शेवटचं घर मागे पडलं तशी खरखर विरत गेली. गाडी निर्दोष होती. आमच्या गल्लीतले फोनचे चार्जर, एलईडी दिवे, ब्रॉडबँडचे डबे, सगळे मिळून मीडियम वेव्हवर चिखल करत होते. सिरीज थ्री बनली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. साहेबांना या निकालाने एवढा आनंद झाला की त्यांनी दोन मैल जास्त गाडी फिरवली.

लावायचं काय हा पुढचा प्रश्न. मी सवयीने शॉर्ट वेव्ह शोधत होते, विविध भारती आणि सिलोन ऐकणाऱ्या घरातली ना मी! इथल्या या सेटमध्ये शॉर्ट वेव्ह नाहीच, मीडियम आणि लाँग. लाँग वेव्ह आपण भारतात कधी वापरलीच नाही. डायलवरचे 1500 मीटर म्हणजे त्या काळी बीबीसीचा लाइट प्रोग्रॅम, गाणी-करमणुकीचं केंद्र. ते स्थान 1988मध्ये किंचित सरकून 198 किलोहर्ट्झवर आलं. मीडियम वेव्हवरही एकेक केंद्र बंद पडतंय. रात्री मात्र स्पेनपर्यंतची केंद्रं येतात, कळत काही नाही.

साहेबांनी सांगितलं की गाडीतल्या रेडिओला इथे वेगळा परवाना लागायचा, 1971पर्यंत. मला जरा बरं वाटलं. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसनच्या पुस्तकात शिक्का मारून आणणारे फक्त आपलेच आजोबा नव्हते. नियमांचं या लोकांचं प्रेम अजूनही आटलेलं नाही. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ आहे, पण तो माफ असलेला शून्य पौंडांचा टॅक्स दरवर्षी रीतसर 'भरावा' लागतो. अशा गाडीला तपासणीही सक्तीची नाही. साहेब तरी दरवर्षी नेऊन करून घेतात.

परवा ते एक कागद घेऊन आले. डिसेंबरमध्ये मी घरी जाणार हे त्यांना माहीत होतं. कागदावर पार्टची यादी, सुबक अक्षरात: दाराची रबरं, एक हँडल, मागच्या दिव्याची काच.

"पण ते पार्ट अँबॅसिडरचे असतील," मी मुद्दाम म्हटलं. "तुम्हाला ओरिजिनल लागतं ना?"

"उत्तरपाऱ्याचे ना?" साहेब म्हणाले. "मग ओरिजिनलच की. साचे आमचेच."

निळा प्लास्टिकचा लग ज्या माणसाला चालला नाही, त्याला हे चाललं. वादात मी जिंकले की हरले ते मला अजून कळलेलं नाही. यादीचा फोटो भावाला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: हँडल मिळेल, काच बघतो, रबर जुनं कशाला, नवीन कापून घेऊ.