पैसे सुटलेत, पण आलेले नाहीत

२०२५ चा जून. कॉलेज प्रवेशाचे दिवस, त्यामुळे माझ्या सेवा केंद्रात उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी झुंबड. त्या गर्दीत काउंटरपलीकडून आवाज आला, "ताई, पगाराचं जरा बघा की." माणूस काही दिसेना. उठून वाकले तेव्हा दिसले. पंचेचाळिशीचे, लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, हातात स्लिपर घालून हातांवर चालणारे.

पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये. आमच्या सोलापूरकडच्या खेड्यांत त्याला अनुदान कुणी म्हणत नाही.

पाच महिन्यांचा पगार नव्हता. हयातीचा दाखला दिलेला, दिव्यांगांचं निळं यूडीआयडी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. तहसीलमध्ये म्हणत, "आमच्याकडनं सुटलेत." बँकेत म्हणत, "आलेच नाहीत." दादांचे दोन्हीकडे मिळून नऊ हेलपाटे झाले होते. दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय, असंच मी धरून चालले.

दोघंही खरं बोलत होते. पूर्वी तहसीलमधून बँकेला खातेनंबरांची यादी जायची. डिसेंबर २०२४ पासून ही रक्कम डीबीटीनं, सरकारकडून थेट खात्यात, जाऊ लागली, म्हणजे खातेनंबर बघून नाही तर आधार बघून. आणि आधार चार बँकांत जोडलेलं असलं तरी डीबीटीचे पैसे एकाच ठिकाणी जातात: जिथं शेवटचं मॅपिंग, म्हणजे 'या आधारचं अनुदान या बँकेत' अशी नोंद, झालं असेल तिथं. पासबुकावर 'आधार लिंक' असा शिक्का असला तरी त्याचा इथं उपयोग नाही. हे मी रोज दहा जणांना समजावते, तरी त्या दिवशी लगेच सुचलं नाही.

मॅपिंग कुठं आहे ते आधारच्या साइटवर दिसतं, पण ओटीपी लागतो. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. नंबर बदलायचा तर बोटाचा ठसा हवा, आणि दादांची बोटं दगडासारखी. चाळीस वर्षं त्याच हातांवर चालल्यावर रेघा कुठल्या राहणार? आमचा पोस्टमन त्याच्या मोबाइलवर हे काम करतो. त्याला बोलावलं. उजव्या हाताची पाचही बोटं नापास. "डोक्यावरनं फिरवा," तो म्हणाला. केसातलं तेल लागलं की ठसा जरा उठतो, हा रेशन दुकानातला जुना इलाज. शेवटी डाव्या करंगळीशेजारचं बोट लागलं. पोस्टमननं पन्नास रुपये घेतले नाहीत, स्वतःच भरले.

काही दिवसांनी नंबर अपडेट झाला. ओटीपी टाकला. स्क्रीनवर एका पेमेंट बँकेचं नाव आलं आणि खाली मॅपिंगची तारीख, मार्च २०२३ ची.

तारीख बघितली आणि घशाला कोरड पडली. त्या मार्चमध्ये आमच्याच चावडीपुढं त्याच बँकेच्या शून्य रकमेच्या खात्यांचा कॅम्प मीच घेतला होता. खात्यामागं कमिशन होतं. फॉर्ममध्ये 'सरकारी अनुदान याच खात्यात घ्यायला संमती' असा एक चौकोन होता. कुणालाही न विचारता मी तो टिक करत गेले.

दादांना सांगावं की नाही? खरं सांगते, मिनिटभर गप्प बसले. मग सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले.

"मंजे पैसं हायती?"

"आहेत. साडेसात हजार."

"मग तुमीच जपून ठिवलं की!" आणि खो खो हसले. मला काही हसू आलं नाही. माझ्याच मशीनवर तेच बोट लावून घेतलं आणि पैसे मोजून त्यांच्या हातात दिले.

जुन्या बँकेत मॅपिंग परत न्यायचा अर्ज मी भरायला घेतला, तर त्यांनी हात आडवा घातला. "ऱ्हाऊ द्या हितंच. बँकेला सात पायऱ्या हायती. तुमच्याकडं एक बी न्हाई." नऊ हेलपाट्यांचा हिशोब केला तेव्हा या पायऱ्या मी धरल्याच नव्हत्या.

ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले. दादा अधूनमधून येतात, बोट लावतात, चहा घेऊन जातात.

त्या जूनमधल्या संध्याकाळीच मी कॅम्पचं रजिस्टर माळ्यावरून काढलं. एका दिवसाची एकेचाळीस नावं होती. कोण निराधारवाले, कोण श्रावणबाळवाले, यावर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि फोन लावायला बसले. पहिले तीन नंबर बंद होते.